वाटणीतली मोटारसायकल

भंगारवाल्याने सांगाड्याच्या मधल्या दांडीत काट्याचा आकडा अडकवला, "हं, उचला" म्हणाला, आणि दुसरं टोक धरायला वाकलेल्या चष्मेवाल्याने हात मागे घेतला.

"थांब रे जरा."

"का? जड आहे?"

"जड नाही. राहू दे. नाही द्यायची."

भंगारवाल्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि एकदा मागच्या दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे. घरात शेवटी कोणाचं चालतं, हे त्याला धंद्यामुळे बरोबर कळायचं. पण बायकोनं नुसते हात झटकले आणि ती आत गेली. दोन फुटक्या बादल्या आणि एक मोडका पंखा घेऊन भंगारवाला वाटेला लागला. मोटारसायकल होती तिथेच राहिली, मागच्या अंगणातल्या पत्र्याखाली, भिंतीला टेकून.

मोटारसायकल म्हणायची ती आपली सवयीने. तिला चाकं होती, टायरच्या चिंध्या होत्या, टाकी होती, हँडल होतं. इंजिन नव्हतं. जिथे इंजिन असायला हवं तिथे आरपार भिंत दिसायची, आणि बायको त्या पोकळीत झाडू ठेवायची.

ते इंजिन कुठे होतं हे अख्ख्या नात्यागोत्याला ठाऊक होतं.

चष्मेवाल्याचे वडील सिनेमाची रिळं पोचवायचे. गावात थिएटरं दोन, मालक एक, आणि सिनेमाची प्रतही एकच. एका थिएटरात खेळ आधी सुरू व्हायचा, दुसऱ्यात जरा उशिरा. इकडचं रीळ संपलं की ते डब्यात घालायचं, डबा मोटारसायकलच्या मागे बांधायचा आणि तिकडचं आधीचं रीळ संपायच्या आत पोचवायचं. गाडी रस्त्यात बंद पडली असती तर तिकडच्या प्रेक्षकांनी खुर्च्या मोडल्या असत्या. वडील होते तोवर ती कधी बंद पडली नाही. दोन्ही मुलगे लहानपणी आळीपाळीने टाकीवर बसून त्यांच्याबरोबर जायचे आणि कुठलाच सिनेमा सलग पाहायचे नाहीत.

वडील गेल्यावर वाटणी झाली. घर, भांडीकुंडी, आईचे दागिने, सगळं हसतखेळत झालं. अडलं ते मोटारसायकलपाशी. थोरला लेथवर सुटे भाग कातायचा, त्याचा हात लोखंडात बसलेला. तो म्हणाला, "मी तिला चालती ठेवीन. तुला प्लग कुठे असतो ते तरी माहीत आहे का?" धाकट्याला, म्हणजे चष्मेवाल्याला, ते झोंबलं. तो म्हणाला, "तू लोखंडच सांभाळ. वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाशी कोण होतं, तू की मी?"

हे वाक्य तोंडातून जायला नको होतं. पण गेलं. वातावरण सैल करावं म्हणून मामा हसून म्हणाले, "मग करा की दोन तुकडे!" कोणी हसलं नाही. थोरला उठला, घरून पाने-पक्कड घेऊन आला, अंगणात बसला आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्यानं इंजिन उतरवून हातगाडीवर घालून नेलं. जाताना त्यानं काढलेले चारही नट जागच्या जागी परत लावून ठेवले होते. त्यालाही झाली आता पुष्कळ वर्षं. त्या दिवसापासून भावाभावांत अबोला पडला तो पडलाच. जावाजावांचं मात्र उत्तम होतं. त्या बाजारात भेटायच्या, भाजी निवडता निवडता दोन्ही घरच्या खबरा एकमेकींना द्यायच्या आणि घरी आल्यावर नवऱ्याला हव्या तेवढ्याच सांगायच्या.

त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "ठेवलीत ना? मग निदान माणसांत तरी आणा तिला."

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"दुकानात येणाऱ्याला दिसत नसतं म्हणून तो चष्मा घ्यायचं थांबतो का?"

या बोलण्याचा नीटसा अर्थ लागला नाही, पण तो कामाला लागला. चष्म्याचं दुकान दुपारी बंद असायचं, तेवढा वेळ त्याचा. त्यानं सुरुवात त्याला येत होती तशी केली. चष्म्याच्या कामात ज्या सवयी लागल्या होत्या, त्याच इथे आणल्या. एकेक भाग काढायच्या आधी फोनवर फोटो घ्यायचा. काढलेला स्क्रू, वायसर, नट, सगळं काचांच्या रिकाम्या डब्यांत घालायचं आणि वर चिठ्ठी लावायची. गंजलेले नट हलायला तयार नव्हते. त्यांना तो रॉकेल पाजायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. जोर लावायचा नाही, कारण जोर लावला की काच तडकते हे त्याच्या हाडीमाशी भिनलं होतं. बायको म्हणायची, "लोखंडाला एवढं गोंजारणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला."

चाकं निघाली. मडगार्ड निघाली. टाकी, सीट, हँडल, चाकं धरणारे पुढचा नि मागचा असे दोन फाटे, सगळं सुटं झालं आणि अंगणात उरली नुसती फ्रेम, हाडासारखी. ती त्यानं पॉलिश पेपरने घासली. हात काळेनिळे झाले, नखांत गंज जाऊन बसला. दुकानात एक गिऱ्हाईक बाई त्याच्या बोटांकडे बघून म्हणाली, "काच पुसून द्याल ना, पण दुसऱ्या कोणाकडून?"

फ्रेम घासून झाल्यावर त्यानं ती घरातल्या फरशीवर उलटी ठेवली. चष्म्याची फ्रेम सरळ आहे की नाही हे तो तसंच बघायचा, काचेवर उलटी ठेवून. चारही टोकं टेकली तर ठीक. ही टेकली नाही. एका बाजूला बोट जाईल एवढी फट राहिली.

"वाकडी आहे," तो बायकोला म्हणाला.

"मग वडील वाकड्या गाडीवरून जायचे?"

"नाही. ही नंतर वाकलीय. एक बाजू जड, एक हलकी, वर्षानुवर्षं भिंतीला टेकून." त्यानं फटीत बोट घालून पाहिलं. "इंजिन असतं तर त्यानं धरून ठेवली असती."

खरं तर लोखंड असं वाकत नाही. कधीतरी ती भिंतीवरून आपटली असणार. पण तेव्हा त्याला तसं वाटलं, आणि बायकोनेही वाद घातला नाही.

फ्रेम घेऊन तो वेल्डिंगच्या दुकानात गेला. ते दुकान चालवणाऱ्या बाईला सगळे ठिणगी म्हणायचे. एक तर काम तसलं, आणि दुसरं, तिचं तोंडही तसलंच. बापाच्या मागे तिनं दुकान हातात घेतलं होतं आणि बापापेक्षा जास्त चालवलं होतं. तिनं फ्रेम शिकंज्यात धरली, लाल होईपर्यंत तापवली, पाइप घालून हळूहळू दाबली, दोरा लावून बघितला, पुन्हा दाबली.

"झाली सरळ. आता हिला कोणाच्या अंगावर टेकू देऊ नका," ती म्हणाली. मग मागचा फाटा हातात घेऊन तिनं हलवला. तो खुळखुळला. "काका, याचे बुश गेलेत, आतल्या नळ्या झिजल्यात. हे माझं काम नाही, लेथचं आहे. आणि एवढं नाजूक काम गावात एकच माणूस करतो. कोण, ते तुम्हाला मी सांगायला नको."

चष्मेवाला फ्रेम उचलू लागला.

"मी नेऊ का? माझ्या गाडीचा म्हणून?"

"ओळखेल तो."

"ओळखलं तर ओळखलं. बुश तर होतील!"

तीन-चार दिवसांनी ती फाटा घेऊन दुकानातच आली. पितळी बुश आत असे बसले होते की जोड दिसत नव्हता. चष्मेवाल्याने भिंग लावून पाहिलं. मग बोट आतून फिरवलं. लोण्यासारखं.

"काय म्हणाला?"

"काही नाही. फाटा हातात घेतला, उलटा केला, खालच्या अंगाला अंगठ्याने चाचपलं. मग मला विचारलं, 'तुझीच गाडी ना?' म्हटलं, हो. म्हणाले, 'बरं.' मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं, त्यांना कळलं हे मला कळलं, आणि आम्ही दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या." तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं आणखी काहीतरी काढलं. "आणि हे दिलंय. आपण सांगितलं नव्हतं."

मागच्या चाकाची आस होती ती. नवी, चकचकीत, दोन्ही टोकांना आटे पाडलेले, नटसुद्धा बसवलेले. जुनी आस झिजून मधे बारीक झाली होती, हे चष्मेवाल्याने बघितलंही नव्हतं. थोरल्याने गाडी न बघता ते ओळखलं होतं.

त्यानंतर तसं चालू झालं. बोलणं नाही, भेट नाही, पण सामान येत-जात होतं. ठिणगी एक वस्तू न्यायची आणि दोन आणायची. ब्रेकची दांडी दिली तर तिच्याबरोबर पिन यायची. एकदा चष्मेवाल्याने मुद्दाम एक साधा वायसर, नटाखालची चकती, पाठवला, जो कुठल्याही दुकानात मिळाला असता. तो तसाच्या तसा परत आला, नुसता घासून लख्ख केलेला. त्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या तो एकटाच हसत होता.

टाकीला प्रायमर मारून झाला तेव्हा निरोप आला. ठिणगी दारातूनच ओरडली, "काका, तिकडून विचारलंय, माझ्या टाकीला कुठला रंग देणार आहे मी?"

"काळा म्हणून सांग. काळीच होती."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "म्हणाले, 'ठिणगे, तुझ्या वडिलांची टाकी गडद हिरवी होती. धुराने काळी दिसायची. तुला आठवत नसेल तर टाकीच्या पोटाखाली खरवडून बघ.'"

चष्मेवाल्याने टाकी उलटी केली. बाकीच्या टाकीवर गंजाखाली रंग असा उरलाच नव्हता, पण पाइपाजवळच्या खोबणीत पॉलिश पेपर पोचला नव्हता, प्रायमरही नाही. तिथे नखाने खरवडलं. काळ्याखालून हिरवा निघाला. इतकी वर्षं तो लोकांना काळ्या मोटारसायकलच्या गोष्टी सांगत आला होता. त्यानं रंगवाल्याकडून हिरवा मिसळून घेतला आणि त्यावरची सोनेरी रेघ स्वतः ओढली, बारीक ब्रशने, श्वास रोखून. तेवढं मात्र थोरल्याच्या बापजन्मी जमलं नसतं, असं त्याला वाटलं, आणि दोघांचा बाप एकच हे लक्षात येऊन त्यानं जीभ चावली.

चाकांना नवे टायर लागले, सीट शिवून झाली. गाडी उभी राहिली, मधे मोकळी. आणि मग शेवटचे दोन बुश आले, पुढच्या ब्रेकचे. त्यानं ते बसवले आणि त्याचा चेहरा उतरला. सैल होते. फार नाही, पातळ कागद सरकेल एवढे. त्यानं काढले, पुन्हा घातले. मग दुसरा बघितला. तो एका बाजूला जास्तच सैल होता.

आधी त्याला राग आला. मुद्दाम केलं असेल? मग वाटलं, नाही, मुद्दाम तो लोखंडाचा अपमान करणार नाही. माणसाचा करील.

त्यानं ठिणगीला गाठलं. "माप घेताना दादा कॅलिपर कसा धरतो ग हल्ली?"

"कसा म्हणजे?"

"कुठे बसून बघतो? कसा बघतो?"

तिनं आठवून पाहिलं. "दाराशी नेतात. उजेडात. मान तिरकी करून, असं, कोंबडीसारखं. आणि माझ्याकडे आले की वेल्डिंग चालू असताना तोंड फिरवतात. उजेड फार पसरतो म्हणतात." मग तिचा आवाज खाली आला. "काका, त्यांची कामं परत यायला लागलीत. लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, पण दुसरीकडे न्यायला लागलेत."

चष्मेवाल्याने पुढचं ऐकलंच नाही. त्यानं दुकान बंद केलं, खिशात छोटी टॉर्च टाकली आणि बायकोला "येतो" एवढंच सांगून तो निघाला. कुठे, असं काही न विचारता ती म्हणाली, "वहिनींना म्हणावं, मी संध्याकाळी येते."

थोरल्याचं वर्कशॉप त्याच्या घराच्या पुढच्या बाजूलाच होतं. आत लेथ चालू होतं. भुश्शासारखी लोखंडाची बारीक वळणं खाली पडत होती. थोरला वाकून उभा होता, पाठीला पोक आलेलं, केस पार पिकलेले. लग्नकार्यात लांबून बघितलं तर एवढं दिसत नाही. त्यानं लेथ बंद केलं.

"कोण?"

 चार पावलांवर उभ्या असलेल्या भावाला तो कोण म्हणून विचारत होता.

"मी आहे, दादा."

थोरल्याने फडकं उचललं. मग हात पुसत म्हणाला, "बुश सैल निघाले म्हणून आलास ना? नवे करून देतो. दे इकडे."

"बुशाचं राहू दे. डोळे दाखव."

"डोळ्यांना काय झालंय?"

"तेच बघायचंय. उजेडाकडे तोंड कर."

"तू काय मला गिऱ्हाईक समजतोस?"

आतल्या दारातून वहिनींचा आवाज आला. "भाऊजी, बघा हो एकदाचे! परवा मीठ समजून साखर घातली त्यांनी, आणि वर म्हणतात तूच डबे बदललेस."

थोरला बडबडत स्टुलावर बसला. चष्मेवाल्याने त्याची हनुवटी धरली आणि टॉर्च लावली. कित्येक वर्षांत त्यानं भावाला हात लावला नव्हता. बुबुळाच्या मधोमध, जिथे काळं हवं, तिथे राखाडी साय आली होती. दोन्हीकडे. डावीकडे तर पार पिकलेली.

"मोतीबिंदू आहे."

"मग दे की चष्मा."

"चष्म्याने भागलं असतं तर देऊन मोकळा झालो असतो. याचं ऑपरेशन करावं लागतं. सोपं असतं. माझ्याकडे रोज करून आलेली माणसं येतात."

थोरल्याने लेथवरचा एक बुश उचलून बोटांत फिरवला. "मला वाटलं हातच गेला," तो म्हणाला. "माप चुकतं, कळत नाही का चुकतं. वाटलं, संपलं आपलं."

"हात कसा जाईल? आस केलीस ती बघितली मी."

"ती अंदाजाने केली. तिचं माप मला पाठ आहे."

वहिनी चहा घेऊन आल्या.  चहा पिऊन झाल्यावर थोरला उठला आणि कोपऱ्यातली ताडपत्री त्यानं बाजूला केली. "न्यायचं असेल तर ने. पण आधी बघ."

इंजिन होतं. वरचा पत्रा कधीतरी गळला होता, आणि पाणी थेट प्लगच्या भोकातून आत गेलं होतं. बाहेरच्या पट्ट्या पांढऱ्या पडल्या होत्या. चष्मेवाल्याने किकच्या दांडीला हात लावला. ती तसूभरही हलली नाही.

"जाम आहे," थोरला म्हणाला. "आणलं त्या दिवशी झाकून ठेवलं. बघवेना म्हणून झाकलं, आणि झाकलं म्हणून बघितलं नाही. ताडपत्री काढली तेव्हा उशीर झाला होता."

चष्मेवाल्याने दांडी सोडली. "तू तर तिला चालती ठेवणार होतास," तो म्हणून गेला. आवाज मोठा नव्हता.

"हो," थोरला म्हणाला. त्यानं मान खाली घातली नाही, की वरही केली नाही. "तसंच म्हणालो होतो."

लेथच्या पट्ट्यावर एक माशी बसली होती. चष्मेवाल्याने ती हाताने उडवली.

"आणि मी म्हणालो होतो ते... वडिलांच्या उशाचं..."

"ते राहू दे."

"राहू कसं देऊ? त्या दिवशी त्यांच्याच औषधासाठी तू बाहेर गेला होतास. मला माहीत होतं."

"मला माहीत होतं तुला माहीत होतं ते," थोरला म्हणाला. "म्हणून तर जास्त लागलं. आता बस. तुझी वहिनी रडायला लागेल, आणि ती रडायला लागली की दोन दिवस थांबत नाही."

इंजिन ठिणगीच्या टेम्पोतून चष्मेवाल्याच्या अंगणात आलं, आणि थोड्या दिवसांनी थोरलाही आला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत बसायचं नाही असं बजावलं होतं. वर्कशॉपच्या घरात ते शक्यच नव्हतं, म्हणून दोघी जावांनी परस्पर ठरवून त्याला इकडे आणून टाकला. तो काळा चष्मा लावून खुर्चीत बसायचा आणि हुकूम सोडायचा. धाकटा खाली बसून ते पाळायचा.

"इंजिनाचं डोकं उचल. सरळ उचल, वाकडं नको. आत काय दिसतंय?"

"तांबडं. सगळं तांबडं."

"पिस्टनवर तेल ओत. तेल आणि डिझेल, अर्धंअर्धं. भरून ठेव. आणि हात लावू नकोस."

"कधीपर्यंत?"

"मी सांगेन तोवर."

थोरला घाई करणारा माणूस आहे असं चष्मेवाल्याला जन्मभर वाटत आलं होतं. आता तो खुर्चीत बसून दिवसच्या दिवस तेल मुरायची वाट बघत होता आणि चष्मेवाल्यालाच धीर निघत नव्हता. रोज दुपारी लाकडाचा ठोकळा पिस्टनवर ठेवायचा आणि वरून हलके ठोके द्यायचे. थोरला मान वळवून ऐकायचा. "अजून बंद आवाज आहे. भरलेल्या डब्यासारखा. थांब." दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग परत तेल. बायको म्हणाली, "या इंजिनाचं रोज अंग चोळणं चालतं, माझ्या गुडघ्यांकडे कोणी बघत नाही."

एका दुपारी ठोका दिला आणि आवाज बदलला. थोरल्याने हात वर केला.

"हललं!"

"नाही हललं. मी बघतोय की."

"मी ऐकतोय ना! पुन्हा मार."

पुन्हा मारला. पिस्टन नखभर खाली गेला आणि कडेने काळं तेल वर आलं. थोरला खुर्चीतून उठून खाली वाकणार, एवढ्यात बायको आणि वहिनी दोघी एकदम किंचाळल्या आणि तो पुन्हा बसला. पण त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. "अजून एक. हळू मार, हळू," तो म्हणत होता, आणि चष्मेवाला ठोकत होता, आणि दोघांनाही कळत नव्हतं की आपण एवढ्या मोठ्याने का बोलतोय.

डोळ्यावरचा काळा चष्मा निघाला त्या दिवशी थोरला अंगणात येऊन टाकीसमोर उभा राहिला. बराच वेळ.

"एवढा हिरवा?" तो म्हणाला.

"तूच म्हणालास ना!"

"म्हणालो. पण एवढा असेल असं वाटलं नव्हतं. सगळंच पिवळट दिसायचं रे मला. मी म्हटलं, लावला असेल यानं कुठला तरी मळकट." मग त्यानं बोट सोनेरी रेघेवरून, न टेकवता, फिरवलं. "ही कोणी ओढली?"

"मी."

"हं," थोरला म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

दुसरा डोळाही झाला. मग तो स्वतःच्या लेथवर गेला आणि सिलिंडर आतून कातून आणला, नव्या मापाचा पिस्टन मिळवून बसवला, ब्रेकचे सैल बुश काढून नवे घातले. सैल बुश त्यानं खिडकीतून बाहेर भिरकावले. जे नवीन मिळत नव्हतं ते घडवलं. कार्बोरेटरची बारीक भोकं मात्र चष्मेवाल्याने साफ केली, कारण तिथे थोरल्याची बोटं जाड पडायची. यावरून दोघांत रोज खटके उडायचे. वायर कुठून न्यायची यावर एकदा इतकं वाजलं की थोरला पाने आवरून चालू लागला. वहिनींनी बायकोकडे पाहिलं. दोघींनी मनाची तयारी केली. पण फाटकापर्यंत जाऊन तो परत आला. "पाना राहिला होता," म्हणाला, आणि बसला.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ठिणगीही होती. किका मारून मारून दोघे भाऊ घामाघूम झाले, मग तिनं एक मारली आणि ते सुरू झालं. तिनं हे कोणालाही विसरू दिलं नाही. निळ्या धुराने अंगण भरलं, शेजारचे खिडक्या लावायला धावले आणि मग खिडक्यांतच थांबले. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले. आवाज खोल होता, ठोके सुटे सुटे मोजता येतील असा. कोणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.

डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर, एका सकाळी, दोघे तिला गावाबाहेर घेऊन गेले. थोरला पुढे, धाकटा मागे. कालव्यापलीकडचा चढ तिनं चांगला घेतला, पण अगदी माथ्यावर पोचता पोचता क्लचची केबल तुटली. गाडी दोनदा आचके देऊन थांबली.

"तुझी केबल," थोरला म्हणाला.

"बसवली कोणी?"

"आणली कोणी?"

रस्त्याच्या कडेला गाडी लावून दोघे धापा टाकत दगडावर बसले. खाली गाव दिसत होतं, घरांची छपरं, पाण्याची टाकी, शेतांमधून गेलेला रस्ता. थोरला एकेक गोष्ट बोटाने दाखवत होता आणि नाव घेत होता, तो तारेचा खांब, ती पांढरी म्हैस, तो सायकलवाला. चष्मेवाला नुसता "हो, हो" म्हणत होता.

एक मोटारवाला थांबून म्हणाला, "आजोबा, ढकलून देऊ का?"

"नको रे बाबा," थोरला म्हणाला. "आम्ही विश्रांतीला थांबलोय."

तो गेल्यावर त्यांनी गाडी उलट्या तोंडाने वळवली. गियर मोकळा केला. उतार लांबच लांब होता, थेट कालव्यापर्यंत.

"तू पुढे बस," थोरला म्हणाला.

"मला नीट चालवता येत नाही."

"यात चालवायचं काय आहे? सरळ धर आणि ब्रेकवर बोट ठेव. ब्रेक चांगले आहेत."

धाकटा पुढे बसला, थोरल्याने एक पाय टेकून ढकललं आणि तो उडी मारून मागे बसला, त्या वयात मारता येते तशी. गाडी आवाज न करता सुटली. चेनची बारीक कुजबुज तेवढी होती, आणि वारा. मागून थोरला त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "डावीकडे खड्डा आहे. दिसला का? आता सरळ. सरळ जाऊ दे."